मिलिंदचा पोटातला कम्प्युटर

मिलिंदच्या मुलीचा, प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी पुण्यातल्या आमच्या ऑफिसात एका बाईंच्या टेबलाशी वाकून त्यांचा प्रिंटर बघत होतो. माझं कामच ते. कुणाचं काही अडलं की मला हाक मारतात. फोन कानाशी धरून मी हॅलो म्हटलं. "काका, बाबा गेले. चहा घेतला, आडवे झाले, आणि गेले," प्रज्ञा म्हणाली. मी "बरं" म्हणालो. खरंच, तेवढंच म्हणालो आणि त्या बाईंना सांगितलं, एकदा बंद करून चालू करा. मग जिन्यात जाऊन बसलो. फोन चालूच होता. पलीकडून ती मुलगी, जिचा बाप नुकताच गेला होता, मलाच समजावत होती, "काका, गाडी सावकाश चालवा. तुम्ही येईपर्यंत आम्ही थांबतो..."

डोणगावच्या चौकात पोचलो तेव्हा मिलिंदचा फ्लेक्स लागलेलासुद्धा होता. प्रज्ञाच्या पदवीदानाच्या दिवशी काढलेला त्याचा फोटो, बाजूला दोन मेणबत्त्या आणि खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मेहकरच्या दुकानातून घाईघाईनं छापून आणलेला. अक्षरं तीच, जी वाढदिवसाच्या आणि सत्काराच्या सगळ्या फ्लेक्सवर असतात. त्या फ्लेक्सखाली दोन मोटारसायकली आणि एक ॲपे उभी होती. तिन्हींवर मिलिंदच्या हातचं अक्षर होतं. लोक खांदा द्यायला जमत होते, त्यात हे बघायला कुणाला सवड असणार? मी मात्र तिथेच गाडीत बसून राहिलो. उतरायला धीर होत नव्हता. ती तयार अक्षरं तिथे असण्यात माझा वाटा आहे, असं मला वाटत होतं. अजून वाटतं. आज हे लिहायला बसलो आहे तेही त्याचमुळे.

मिलिंद आणि मी सातवीपासून एका बाकावरचे. फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम त्याच्याकडे होतं आणि तो खडू ओला करून लिहायचा, म्हणजे अक्षर वाळल्यावर पांढरंशुभ्र उमटतं. शाळा सुटल्यावर तो पेंटर झाला. बियाण्याच्या जाहिराती, निवडणुकीच्या भिंती, दुकानांच्या पाट्या. सुट्टीत गावी आलो की मी त्याच्याबरोबर भटकायचो, शिडी धरायचो, रंगाचा डबा वर द्यायचो. त्याच्या अक्षराची एक लकब होती. काना खाली येताना किंचित रुंद व्हायचा. मी म्हणायचो, "मिल्या, तुझ्या कान्याने पायजमा घातला आहे." तो शिडीवरून खाली न बघता म्हणायचा, "घातला तर घातला बे. उघडा तं नाही फिरत न." शिरोरेषा संपवताना तो ब्रश हलकेच वर उचलायचा, त्यामुळे प्रत्येक शब्दाच्या शेवटी रेघेला इवलंसं शेपूट यायचं. अर्ध्या मेहकर तालुक्यातल्या ट्रॉल्यांवर ते शेपूट होतं. आमच्या वडिलांच्या ट्रॉलीवरही होतं.

मग फ्लेक्स आले आणि भिंती रंगवणं संपलं. मिलिंद काही दिवस नुसता बसून राहिला. नंतर अकोल्याला एक रेडियमचं दुकान बंद होत होतं, तिथून त्यानं सगळा संच उचलून आणला. स्टिकर कापायचं मशीन, त्याला जोडलेला कम्प्युटर आणि त्या कम्प्युटरात मशीन चालवणारा प्रोग्राम. गाड्यांच्या नंबरप्लेटवर, काचांवर जी चमकणारी अक्षरं चिकटवतात, त्याला आपल्याकडे रेडियम म्हणतात. पडद्यावर अक्षर काढायचं, मशीनमधली बारीक सुरी त्या आकारात स्टिकर कापते. बाकीचे दुकानदार तयार फॉन्ट वापरायचे. मिलिंदला ते जमेना. ती अक्षरं त्याला आपली वाटेनात. त्यानं त्याच प्रोग्राममध्ये आपली अक्षरं स्वतः काढायला सुरुवात केली. पडद्यावर टिंबं टिंबं असतात, ती माऊसनं ओढून रेघेला बाक द्यायचा. हळूहळू ब्रशची सगळी लकब, कान्याचा पायजमा आणि शेपटासकट, त्या माऊसमध्ये उतरली. गिऱ्हाईक गाडी घेऊन यायचं आणि म्हणायचं, "नाव टाका भाऊ, पण तुमच्या अक्षरात टाका." गावातल्या पोरींची नावं बापांच्या गाड्यांवर त्याच्या अक्षरात फिरायची. कुणाची 'आराध्या', कुणाची 'स्वरा'.

त्या कम्प्युटरचं वय झालं होतं. आत जुनी विंडोज एक्सपी होती, पंखा घरघर करायचा, उन्हाळ्यात दुपारी आपोआप बंद पडायचा. नव्या कम्प्युटरवर तो प्रोग्राम चढेना. बनवणाऱ्यांनी तो कधीच सोडून दिलेला. मशीन धडधाकट होतं, पण त्याच्याशी बोलणारा तो एकच प्रोग्राम आणि त्या प्रोग्रामला राहायला तेवढं एकच जुनं घर. मिलिंदनं मला फोन केला, "संज्या, डब्बा मरून राह्यला. काही कर बे." एका दिवाळीत मी गेलो. प्रज्ञाचा नवा लॅपटॉप होता, त्यात मी व्हर्च्युअल मशीन बसवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. नव्या कम्प्युटरच्या आत एका खिडकीत जुना कम्प्युटर जसाच्या तसा उभा करता येतो. त्या आतल्याला कळतही नाही की आपण दुसऱ्याच्या आत आहोत. मी मिलिंदच्या डब्ब्याची हार्ड डिस्क काढली, तिची हुबेहूब प्रत त्या खिडकीत घातली, मशीनच्या जुन्या केबलला नवा जोड लावला आणि चालू केलं. पडद्यावर आधी काळोख, मग त्याच्या डेस्कटॉपवरच्या चित्रातली जुनी हिरवी टेकडी आणि टेकडीवर विस्कटून ठेवलेली त्याची फोल्डरं.

मिलिंद स्टुलावरून उठलाच. "अबे, हा तं माहाच कम्प्युटर! याच्या पोटात कसा गेला?"

"गिळला त्यानं," मी म्हणालो.

"आन जित्ताच हाय?"

तेव्हापासून त्या खिडकीचं नाव 'पोटातला' पडलं. वहिनीसुद्धा म्हणायच्या, "भाऊजी, पोटातला आज उठलाच नाही." त्या दिवशी मी त्याला एक सोय दाखवली. आता या क्षणी सगळं नीट चालू आहे, तर या क्षणाचा फोटो काढून ठेवायचा. पुढे काही बिघडलं तर पोटातला पुन्हा या क्षणावर आणता येतो. "म्हंजे मंधातलं सारं पुसून?" मिलिंदनं विचारलं. मी म्हटलं, हो, पण तुला कशाला लागतंय. तो हसला. "माणसाले नाही का बे असं करता येत? साखर लागायच्या आंधीवर आणून ठेव मले." साखर त्याला तेव्हा दहाएक वर्षांपासून होती. आम्ही दोघंही हसलो. वहिनी मात्र हसल्या नाहीत, त्यांनी चहाचे कप उचलले आणि आत गेल्या.

निघताना मी त्याला एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. दुकानात येणारं गिऱ्हाईक पेनड्राइव्ह घेऊन येतं, त्यात व्हायरस असतात. म्हणून पोटातल्याला बाहेरचं काही लावायचं नाही आणि आतलं बाहेर काढायचं नाही. "जे काही काढशील ते आतच ठेव. आत सगळं सुरक्षित आहे," मी म्हणालो होतो. हे वाक्य माझं आहे. त्यानं ते इमानानं पाळलं.

पुढच्या काही महिन्यांतच त्याची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जाणं-येणं. साखरेनं बोटांच्या शिरांनाही धरलं होतं. बोटांत मुंग्या यायच्या, पेन धरला तर रेघ थरथरायची. माऊस मात्र टेबलावर टेकलेला असतो, मनगटाला आधार मिळतो, म्हणून तेवढं अजून जमत होतं. त्याच सुमारास त्यांच्या वस्तीत विहाराची नवी कमान बांधायचं ठरलं. कमानीवर विहाराचं नाव स्टीलच्या मोठ्या अक्षरांत बसवायचं होतं. समितीनं मिलिंदला सांगितलं, नमुना तू कापून दे, त्यावरून फॅब्रिकेशनवाला पत्रा कापेल. मिलिंद फोनवर मला म्हणाला, "संज्या, नुसतं विहाराचं नाव नाही करत मी. आता बसलोच तं पुरी बाराखडी करतो. जोडाक्षरं बी. म्हंजे उद्या मी नसलो तरी कोणाचंबी नाव माह्या अक्षरात कापता येईन."

"असं काय बोलतो रे," मी म्हणालो.

"काऊन? खोटं हाय का? हात चालू हाय तोवरच होते हे. मंग नाही होत."

पावसाळाभर तो हेच करत बसला. डायलिसिसहून आलेला दिवस झोपण्यात जायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो दुकानात बसायचा. जुनी अक्षरं गाड्यांसाठी काढलेली, बारीक, घाईची. ही नवीन त्यानं कमानीसाठी मोठी काढली, प्रत्येक वळण नव्यानं. कधी व्हिडिओ कॉल करून मला दाखवायचा, "पाय, हा 'क्ष' कसा बसला. चार दिवस नखरे केले यानं." मला फरक कळायचा असं नाही. पण त्याचा चेहरा बघून बरं वाटायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. मी मीटिंगला निघालो होतो. पोटातला अडकला होता, मशीन हलत नव्हतं आणि दुकानात ट्रॅक्टरवाले खोळंबले होते. पोळ्याला बैलांबरोबर ट्रॅक्टरही सजतात, सगळ्यांना त्याच दिवशी रेडियम हवं असतं. मागून कुणाचा तरी आवाज येत होता, "मिलिंदभाऊ, पुण्याचा इंजिनेर काय म्हंते? का आता बैलच जुपू ट्रॉलीले?" मी पुण्यातूनच, इंटरनेटवरून त्याच्या लॅपटॉपवर शिरलो. पोटातल्याची खिडकी काळी पडली होती. एकदा चालू करून पाहिलं, दोनदा पाहिलं. मग मी त्या जुन्या क्षणावर परत जायचं बटण दाबलं. प्रोग्रामनं विचारलं, आताची स्थिती आधी जपून ठेवू का? तिथे एक खूण लावलेलीच होती. लॅपटॉपवर जागा कमी उरली होती, म्हणून मी ती खूण काढली. हे मी अजिबात न चाचरता केलं. ऑफिसात असले प्रश्न मी दिवसभर बघतो आणि दिवसभर पुढे ढकलतो. हिरवी टेकडी आली. मशीननं चाचणीचा चौकोन कापला. तिकडून ट्रॅक्टरवाल्यांनी आरडाओरडा केला. "झालं बे, झालं! डाक्टर हायेस तू," मिलिंद ओरडला. मी खूश होऊन मीटिंगला गेलो.

बाहेर आलो तर त्याचे मिस्ड कॉल होते. मी फोन लावला. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "संज्या, विहाराचं फोल्डर दिसून नाही राह्यलं."

तेव्हा मला कळलं. मागच्या दिवाळीनंतरचं सगळं आत होतं आणि आतलं सगळं मी मागच्या दिवाळीवर नेऊन ठेवलं होतं. मी त्याला लगेच सांगितलं. लपवलं नाही, एवढंच माझ्या बाजूनं. म्हणालो, मिल्या, ते गेलं. माझ्या हातून गेलं. मग तो म्हणाला, "सारंच?" मी हो म्हणालो. दुकानात कुणीतरी पैसे सुटे मागत होतं, त्याला त्यानं उत्तर दिलं. मग मला म्हणाला, "जाऊ दे. तो 'श' मले जमलाच नव्हता तसाबी."

मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी डोणगावला गेलो. लॅपटॉपची डिस्क काढून पुण्याला आणली. गेलेला डेटा परत काढणारे लोक असतात, त्यांच्याकडे दिली, मग दुसऱ्यांकडे दिली. पण त्या दुपारी पुन्हा चालू झाल्यावर मिलिंदनं रात्रीपर्यंत ट्रॅक्टरवाल्यांची नावं कापली होती. त्या नव्या नावांनी नेमकी तीच जागा भरली होती. दोघांनीही हात टेकले. डिस्क परत बसवायला गेलो तेव्हा मी मिलिंदसमोर खाली मान घालून बसलो होतो. मला वाटत होतं, यानं मला शिव्या द्याव्यात. वहिनींनी तरी बोलावं. त्यांनी पोहे केले. मिलिंद म्हणाला, "काय बे, मयतीले आल्यासारखा बसला. खा." मग थोड्या वेळानं, डोळे पोह्यांच्या बशीवर ठेवूनच, म्हणाला, "तू सांगतलं नसतं तं मी बाहेर एक कापी ठेवली असती." त्यात राग नव्हता. झाली गोष्ट कशी झाली ते तो नीट लावून बघत होता, इतकंच. मला ते वाक्य रोज आठवतं.

त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत त्याचा हात आणखी बिघडला. माऊस टेकवूनही रेघ थरथरायला लागली. टिंब धरायला जायचा आणि शेजारचंच धरलं जायचं. कमानीची तारीख ठरली होती. तो मला म्हणाला, "तू येऊन बस. मी सांगतो, तू माऊस धर." मी दिवाळीची पूर्ण सुट्टी तिथे काढली. तो माझ्या खांद्याशी स्टूल ओढून बसायचा आणि बोटानं पडद्यावर दाखवायचा. "इथून पोट काढ. एवढं नाही बे, गरोदर झाली ते रेघ. कमी कर. आता खाली पसरू दे... पसरू दे... थांब." मी त्यानं सांगितलं तसंच करत होतो, टिंबाला टिंब. चार अक्षरं पुरी झाली. तो मागे सरकून बघत राहिला. डोळे बारीक केले, उघडले. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "चांगलं हाय. पण हे तुहं अक्षर झालं, संज्या." आणि स्टूल उचलून आत ठेवून आला. त्यानंतर त्यानं मला पुन्हा माऊस धरायला सांगितलं नाही.

गाड्यांची ती घाईची अक्षरं कमानीवर नको, असं त्यानंच सांगितलं, आणि कमान तयार अक्षरांतच उभी राहिली. उद्घाटनाला त्याला खुर्चीवर बसवून नेलं होतं. मी व्हिडिओ कॉलवर होतो. त्यानं फोन कमानीकडे वळवला. "दिसते का? मोबाईलवर मेसेज आल्यासारखं दिसते," तो म्हणाला आणि स्वतःच हसला. मला हसता आलं नाही.

एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे. त्यानंतर मी त्याला फोन करणं कमी केलं. त्याचं नाव पडद्यावर दिसलं की मी फोन पालथा ठेवायचो. उद्या करू, रविवारी करू, असं चालायचं. तो काही मागत नव्हता, काही आठवण करून देत नव्हता, तरीही. आपण ज्याचं नुकसान केलं तो आपल्याशी नेहमीसारखाच बोलतो, हे सहन करायला लागणारी ताकद माझ्यात नव्हती. शेवटच्या महिन्यात आम्ही एकदाच बोललो. हवा कशी आहे, प्रज्ञाची अकोल्याची नोकरी कशी आहे. फोन ठेवताना तो म्हणाला, "ये एखांद्या बारी. दाखवतो तुले काहीतरी." मी म्हटलं, येतो ना. काय दाखवतो, हे विचारलं नाही.

जलदानविधीच्या दिवशी भंतेजी येऊन गेले, पाहुणे जेवून पांगले, तेव्हा प्रज्ञानं मला दुकानात बोलावलं. लॅपटॉप तिचा होता, आता तिला तो अकोल्याला न्यायचा होता. "काका, यातला पोटातला ठेवू का काढून टाकू? खूप जागा खातोय. पण आई म्हणते, काकांना विचारल्याशिवाय हात लावू नको."

मी बसलो. पोटातल्याच्या नावापुढे लिहिलं होतं की तो बंद केलेला नाही, थांबवून ठेवलेला आहे. ती खिडकी मिटवताना दोन पर्याय असतात. आतला कम्प्युटर रीतसर बंद करायचा, किंवा आहे त्या स्थितीत, चालता चालता, गोठवून ठेवायचा. वहिनी दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ते बंद करतच नव्हते कधी, भाऊजी. थकले का तसंच ठिवत, आन दुसऱ्या दिवशी तथूनच पुढं. दुपारची अर्धी-एक घंटा बसत. एक टिंब सरकवाले घंटा लागे. मी म्हणे, कायले जीव काढता? तं म्हणे, संज्या येईन तवा दाखवीन."

मी चालू केलं. टेकडी आली नाही. थेट प्रोग्रामच उघडला, जिथे त्यानं सोडला होता तिथे. आतल्या घड्याळात तीच दुपार होती, तो जायच्या आदल्या दिवसाची. पडद्यावर एकच अक्षर होतं, मोठं, पडदाभर. 'ह'. तो पुन्हा पहिल्यापासून बाराखडीला बसला होता, क्रमानं नाही, हाताला येईल ते अक्षर आधी घेत. बाजूच्या फोल्डरमध्ये पुरी झालेली पाच-सहा अक्षरं होती, तेवढीच. या 'ह'ची डावी बाजू सुंदर होती. वरच्या रेघेला शेपूट होतं. उजवीकडे खाली मात्र वळण सगळं थरथरत होतं, पावसात भिजलेल्या कागदावर शाई पसरावी तसं. आधी मला कळलं नाही की हे असं का. मग माझं लक्ष वरच्या मेन्यूकडे गेलं. केलेलं मागे घ्यायचं बटण उजळ होतं.

ज्यांचा याच्याशी संबंध येत नाही त्यांना हे सांगायला हवं. आपण केलेल्या शेवटच्या काही हालचाली प्रोग्राम लक्षात ठेवतो आणि एकेक करून मागे घेऊ देतो. प्रोग्राम बंद केला की तो सगळं विसरतो. पण मिलिंदनं बंदच केला नव्हता. त्याच्या हाताच्या शेवटच्या हालचाली अजून आत जिवंत होत्या.

मी बटण दाबलं. एक टिंब किंचित डावीकडे सरकलं. पुन्हा दाबलं. दुसरं एक टिंब खाली गेलं. पुन्हा. तेच टिंब वर, मग जरा बाजूला, मग पुन्हा खाली. एका जागी बसेपर्यंत त्यानं ते कितीदा धरलं आणि कितीदा निसटलं ते सगळं दिसत होतं. मी मागे मागे जात राहिलो आणि ती सुंदर डावी बाजूही थरथरायला लागली. मग बटण पुसट झालं. त्याच्या मागचं प्रोग्रामला आठवत नव्हतं. पडद्यावर आता अख्खं अक्षर थरथरत होतं, जसं त्याच्या हातातून पहिल्यांदा उतरलं असेल तसं. प्रज्ञा माझ्या मागे उभी होती. मी तिला म्हटलं, आता पुढे बघ. आणि एकेक हालचाल परत पुढे आणली. थरथर एकेका टिंबानं निवत गेली. डावं वळण गुळगुळीत झालं, वरची छोटी दांडी खाली रुंदावली, शेपूट उचललं गेलं... आणि मग हालचाली संपल्या. उजवी बाजू राहिली.

"बाबांचा हात आहे हा," प्रज्ञा म्हणाली. "काका, परत दाखवा."

मी परत दाखवलं. वहिनी आत येऊन लॅपटॉपच्या अगदी जवळ बसल्या. ते टिंब निसटायचं, पुन्हा धरलं जायचं, पुन्हा निसटायचं, तेव्हा त्यांची बोटं मांडीवर हलत होती. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "थोडंसंच राह्यलं हाय, भाऊजी. तुम्हीच करून टाका ना पुरं."

माझा हात माऊसवर होता. मी त्यांना कसं सांगू? हा प्रोग्राम जुना, त्याला मोजक्याच हालचाली आठवतात. मी इथे एक टिंब हलवलं की त्याच्या हालचालींमधली सर्वांत जुनी एक गळून पडणार. मी अक्षर पुरं करत जाईन आणि तो मागून पुसला जाईल. मी हे त्यांना जमेल तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग नको. मंग राहू द्या."

त्या संध्याकाळी मी पोटातल्याची प्रत काढली. एक बाहेरच्या डिस्कवर, एक माझ्यासाठी आणि मग पुन्हा एक. मूळ प्रज्ञाबरोबर अकोल्याला गेलं. प्रतीवर ते अक्षर पुरं करता येईल, मूळ तसंच राहील, हे मला कळतं. धंदाच आहे माझा. प्रत उघडून बसलोही. उजव्या बाजूचं पहिलं टिंब धरलं. ते माझ्या हाताखाली अगदी स्थिर होतं, कुठेही निसटत नव्हतं... मी सोडून दिलं.

आता रविवारी दुपारी कधी कधी मी ती खिडकी उघडतो. घरात कुणी विचारलं तर काम आहे म्हणतो. आतल्या घड्याळात मिलिंदची दुपार असते. मी शेवटापासून मागे जातो, अक्षर थरथरू लागतं. मग पुढे येतो, मिलिंद ते टिंब-टिंब सरळ करत आणतो, आणि त्याच जागी येऊन आम्ही दोघंही थांबतो. मग खिडकी मिटवायला घेतो. ती दर वेळी विचारते, बंद करू की आहे तसं ठेवू. मी आहे तसं ठेव म्हणतो.